मारेगावच्या पाण्यातली डाळ

बाबा, परवा मारेगावच्या त्या विहिरीचं पाणी मी पुन्हा मागवलं. यवतमाळला बस बदलून कॅन पुसदला आला. स्टँडवर तो माझ्या हाती देताना कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, पुसदले पाणी नाही काय?" तुम्ही ते पहिल्यांदा आणवलंत तेव्हा तुम्हालाही लोकांनी हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "आहे ना, पण त्यात डाळ शिजते."

सकाळी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात विज्ञानाचं मासिक काढायचं, असं तुमचं आयुष्य गेलं. संपादकाची खोली म्हणजे आपलं स्वयंपाकघर. लेख कितीही मोठ्या माणसाचा असो, त्यातली घरात करून बघण्याजोगी गोष्ट आधी आपल्या घरात घडली पाहिजे, हा तुमचा नियम होता. त्यापायी आपण साबण उकळले, मडकी मोडली, एकदा दही लावायच्या भानगडीत अख्खं घर आठवडाभर ताकच पीत राहिलं. आई म्हणायची, "लोकाइच्या घरी पाहुणे येतात, आपल्या घरी लेख येतात. अन् त्याइचंबी करावंच लागते."

मग नागपूरच्या सरांचा लेख आला. ते मासिकाचे सल्लागार. त्यांच्या शब्दावर जाहिराती मिळायच्या. काही विहिरींच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळही शिजत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही मारेगावचं पाणी आणवलं. साबणाला फेस आला नाही; तिथवर सर बरोबर. मग आईनं उघड्या पातेल्यात डाळ चढवली, कारण प्रयोगाला कुकर चालत नसे. ताई आणि मी ताटं घेऊन बसलेल्या. तुम्ही प्रुफं आणायला छापखान्यात गेलात, आणि परत आलात तेव्हा डाळ मऊ झाली होती. दोन बोटांत दाणा चिरडताना तुमचा चेहरा कसा उजळला होता, ते मला अजून दिसतं. सरांचं चुकलं म्हणून नव्हे. काहीतरी न कळणारं हाती लागलं म्हणून. प्रयोग दोन-तीनदा केल्यावरच निष्कर्ष काढावा हा तुमचाच धडा, पण त्या दिवशी तुम्ही तो विसरलात. लेखाखाली तुम्ही छापलंत: "आमच्या घरी असं झालं नाही. का, ते आम्हाला माहीत नाही."

सर दुखावले. त्यांनी सल्लागारपद सोडलं, जाहिराती आटल्या, अंक पातळ झाले. पण ते वाक्य गाजलं. तुमच्या शोकसभेत जो उठला तो तेच वाक्य बोलला, आणि मी संपादक झाल्यापासून ते प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर छापते. आपलं मासिक कुणाची भीड ठेवत नाही, याची ती खूण.

यंदा जुने गाजलेले लेख पुन्हा छापायचे ठरले. तुमचा नियम म्हणून मी डाळ चढवली. तेच पाणी, उघडं पातेलं. दुपार सरली तरी दाणे टणक ते टणक. आई दाराशी खुर्चीत बसून माझी गंमत बघत होती. आता तिला कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं.

"कायले गॅस जाळून राह्यली? शिजत नाही ते," ती म्हणाली. "तवाबी नव्हती शिजली."

"मग तेव्हा मऊ कशी झाली?"

"सोडा टाकला ना मी, चिमूटभर. तुम्ही दोघी भुकेनं रडून राह्यल्या होत्या. प्रयोग पाहू का लेकरं पाहू?"

"आणि बाबांना सांगितलं नाहीस?"

"ते इतके खूश झालते. काहून सांगू? मंग छापून आलं, भांडण झालं, तवा तर हिंमतच नाही झाली." मग म्हणाली, "छाप तू. चूक माही आहे म्हणून लिही. त्याइले मधात आणू नको."

मला आधी हसू आलं, मग मी गॅस बंद केला. आपल्या निर्भीडपणाचा झेंडा चिमूटभर खायच्या सोड्यावर उभा आहे, बाबा. दुरुस्ती छापायचीच, यात मला शंका नव्हती. पण सरांना ती अंकात वाचायला लागू नये म्हणून आधी फोन केला. ते आता फार थकलेत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सोडा? वहिनींनी?" आणि खोकला लागेपर्यंत हसले. मग शांतपणे म्हणाले, "एक सांग. त्याला ठाऊक होतं का?"

मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. सोड्याचं वरण जास्त पिवळं दिसतं, जिभेला जरा साबणासारखं लागतं. तुमच्यासारख्या रसायनाच्या मास्तरला ते पहिल्या घासात कळलं असतं. कळूनही छापलंत, तर बायकोसाठी गप्प राहिलात की त्या सुंदर वाक्यासाठी, हे मला जाणून घ्यायचं आहे. आणि कळलंच नसेल, तर कसं नाही?

मी तो दिवस पुन्हा पुन्हा आठवते. तुम्ही दाणा चिरडता, बोटं धोतराला पुसता, पाटावर बसतही नाही, आणि उभ्या उभ्या प्रुफाच्या पाठीवर ते वाक्य लिहू लागता. आई हाक मारते, तुम्ही "आलो" म्हणता आणि येत नाही. वरण आम्ही दोघीच संपवतो. म्हणजे तुम्ही चाखलंच नाही. सरांना हेच कळवावं म्हणून फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

दुरुस्ती आज छापायला गेली. ते वाक्य पहिल्या पानावरच ठेवलंय, त्याच्याच खाली दुरुस्ती आहे. तुम्ही न जेवता उठलात, हे मात्र त्यात लिहिलं नाही. बाबा, ते तसंच घडलेलं असावं असं मला इतकं वाटतं, की असं हवं तेच आठवणाऱ्या साक्षीदाराचा लेख आला असता तर मी तो परत पाठवला असता.