दाजींनी बसवलेला नळ

कार्तिक शु. ५, शके १८६७. मुरुम.

नळ चालू झाला. दाजींनी विहिरीवरच्या हापशावर स्वतः जोर लावला, हौद भरला. न्हाणीतली तोटी फिरवली तर पाणी आलं. आप्पा पाटावर बसलेले. कमरेखालचं अंग गेल्यापासून त्यांच्या अंघोळीच्या घागरी हिच्या डोक्यावर होत्या. आज तोटीखाली हात धरून नुसतेच बसले. पूजेलाही उशीर.

गल्ली बघून गेली. असा नळ गावात दुसरा न्हाय, हे मी आल्यागेल्याला उगाच सांगितलं.

लढाई संपली तरी नवे नळ मिळत न्हाईत. सोलापुरातून जुने आणले, तेही करोडगिरीच्या नाक्यावर जकातीपायी अडले होते. आणि मिस्त्री परका कशाला, अक्काचा नवरा गिरणीत नळाचंच काम करत होता, म्हणून दाजींना बोलावलं. मजुरी घरातच राहिली. अक्काचं बरं झालं.

का. शु. ९

दाजी सोलापूरला गेले. धोतरजोडी दिली. अक्का अजून राहील थोडी.

हौद रात्री भरून ठेवतो, सकाळी निम्मा. हिला बोललो, तोटी उघडी टाकतेस. "म्या हातसुद्धा लावला न्हाय," म्हणाली. मी ऐकून घेतलं न्हाय. आप्पांसमोर बोलायला नको होतं.

का. व. ३

सकाळी भिंतीपलीकडून शेजारच्या रसूलचाचांची हाक. त्यांच्या परसात गेलो तर जमिनीतल्या धान्याच्या पेवाचं झाकण काढलेलं आणि आंबूस, कुबट वास. मोहरम उलटल्यावर त्यांच्या मुलीचं, हमीदाचं लग्न. त्याची ज्वारी याच पेवात. सरकारच्या लेव्हीच्या वसुलीतून वाचवलेली. चाचांनी ओंजळ वर काढून दाखवली. काळी. मोड आलेले.

"बेटा, पेव में पानी कहां से आया?"

शेजारपाजारचे आठदहाजण उभे. पेव आमच्या सामाईक भिंतीला लागून, आणि त्याच भिंतीच्या बुडातून आमचा नळ गेलाय. हे माझ्या लक्षात आलं. तेव्हाच आलं. आणि तरी तोंडातून निघालं, "चाचा, पेवाचं लिंपण जुनं झालं असंल. यंदाचा पाऊस मुरला असंल."

चाचांनी ओंजळीतली ज्वारी खाली टाकली. मग म्हणाले, "लिंपण मैंने अपने हाथ से किया बेटा." एवढंच.

लोक पेवाकडं बघायला लागले, चाचांकडं बघायला लागले. पिंजाऱ्याला लिंपण कुठलं जमायचं, असं कुणीतरी पुटपुटलं. मी ऐकलं आणि घरी आलो.

का. व. ४

भिंतीच्या अलीकडून, आमच्या बाजूनं उकरलं. कुदळ दोन हात गेली तोच चिखल. सांधा सापडला. नळाला आटे धड पाडलेले न्हाईत. सांधा धरायला सफेदा न्हाय, सुतळी न्हाय. चिंधी गुंडाळलेली, वर मेण थापलेलं. चिंधीतून पाणी झिरपतंय, सगळं चाचांच्या बाजूला.

चिंधी धुतली. हिरवा काठ. अक्काचं जुनं लुगडं.

आप्पांना सांगितलं. आधी अक्का कुठं आहे ते बघितलं. मग म्हणाले, "जावयाचं नाव बाहेर काढायचं न्हाय. पोरीला त्या घरात नांदायचंय."

"आणि चाचांचं काय?"

"ज्वारी देऊ. कारण सांगायची गरज न्हाय."

मी खड्ड्यावर पत्रा टाकला. हौद रिकामा केला. संध्याकाळी चाचांनी भिंतीवरून विचारलं, काही सापडलं का? म्हणालो, बघतोय, अजून न्हाय सापडलं.



का. व. ५

कापडाच्या दुकानात लक्ष न्हाय. गिऱ्हाईकाला पातळ म्हणून धोतर फाडून दिलं. तो हसला.

घरी आलो तर अक्का घरात न्हाय. ही म्हणाली, पत्रा बाजूला झालेला बघितला आणि चिंधी घेऊन भिंतीपलीकडं गेली. सरळ चाचांसमोर उभी राहिली म्हणे. "चाचा, हा माझ्या लुगड्याचा काठ. काम माझ्या मालकांनी केलंय. तुमच्या लिंपणाचा काही दोष न्हाय."

म्हणजे मी काल खोटं बोललो, हेही चाचांना कळलं. अक्कानं ते सांगितलं न्हाय, पण कळायला सांगावं लागतं का.

भिंतीवरून बघितलं. अक्का आणि हमीदा पोत्यावर ज्वारी पसरून बऱ्यातली वाईट निवडत होत्या. अक्काचं तोंड माझ्याकडं होतं. तिनं बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. मला जावंसं वाटलं. गेलो न्हाय.

रात्री आप्पा अक्काशी बोलले न्हाईत. ती जेवली न्हाय. ही तिच्यासाठी ताट झाकून ठेवून तिच्याजवळच निजली.

का. व. ७

आमचं पेव उघडलं. पोती भरून चाचांकडं नेली. चाचांनी ज्वारी हातात घेऊन बघितली, चांगली आहे म्हणाले. पोती आत घेतली. माझ्या मनात, संपलं. वळलो.

"ज्वारी दिया तू, ठीक. मेरे बेटी की शादी हो जाती. लेकिन उस दिन सब के सामने मेरे पेव को खोट लगाया. वो कब वापस लेता?"

ओरडून न्हाय. शांतपणानं विचारलं. मी लहानपणी त्यांच्या पिंजणाजवळ कापसात लोळायचो, तेव्हा याच आवाजात रागवायचे.

"सांगतो चाचा, सगळ्यांना सांगतो," म्हणालो.

का. व. १०

अजून सांगितलं न्हाय. दुकानासमोर रोज तीच माणसं बसतात. आज तोंड उघडलं, आणि कापसाच्या भावाचं बोललो.

चाचा आमच्या ओट्यावर संध्याकाळी बसायचे, ते येईनासे झालेत. आप्पांनी दोनदा दाराकडं बघितलं. विचारलं न्हाय.

का. व. १२

सांगितलं. दुकानासमोर, चारपाचजण होते. म्हणालो, चाचांच्या पेवाचं लिंपण चांगलं होतं, पाणी आमच्या नळाचं. एकजण म्हणाला, "मिस्त्री कोण होता?" मी म्हणालो, आमचे दाजी. तर हसले सगळे. "जावई म्हणल्यावर काय!" आणि विषय हसण्यावारी गेला. पण मला ठाऊक असूनही त्या दिवशी मी जाणूनबुजून खोटं बोललो. ते सांगायचं राहिलं. त्यांनी विचारलं न्हाय, मी बोललो न्हाय.

उलट दाजींची थट्टा आता गावभर होईल, आणि अक्का पाण्याला बाहेर जाते, तिच्या कानावर येईल.

मार्गशीर्ष शु. २

दाजी आले. अक्कानं निरोप धाडला होता म्हणे, मला न विचारता. खांद्यावर पिशवी, पिशवीत सफेदा, सुतळी, आटे पाडायचं हत्यार, कुणाकडून तरी मागून आणलेलं. दारातच उभे. आप्पा आत या म्हणाले न्हाईत. मी म्हणालो, पण माझाच आवाज मला ऐकू आला न्हाय.

परसात खड्ड्याशी बसून बोलले. गिरणीत ते नुसते नळ उचलून न्यायचे, बसवायचे न्हाईत. बघून बघून येत होतं तेवढं येत होतं. "सफेदा संपला. जावयानं आणखी किती गोष्टी मागायच्या? तुमच्या तोंडावर म्हणायला लाज वाटली. म्हणलं एक सांधा आहे, धरंल."

मीही लाजेपायीच बोललो होतो, चाचांच्या परसात. फरक एवढा, त्यांनी मला सांगितलं.

दिवसभर काम केलं. दोनदा उकललं, पुन्हा बसवलं. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन गेली, शेजारी ठेवला आणि वळली. दाजींनी तो उचलला न्हाय. उन्हं उतरल्यावर उचलला.

हौद भरला. सांध्यावर कोरडा हात फिरवला, कोरडाच राहिला.

दाजी माती लोटायला लागले, तर मी थांबवलं. चाचांना आधी बघू द्या म्हणालो. भिंतीपाशी जाऊन हाक मारली. हमीदा म्हणाली, अब्बा घरात आहेत, सांगते.

मार्ग. शु. ३

खड्डा उघडाच आहे, चाचा अजून आले न्हाईत. दाजी काठावर बसून आहेत, मी जवळ. मनात वाक्य जुळवतोय, चाचा आले तर पहिलं कुठलं बोलायचं ते. आत आप्पांनी अंघोळीला अजून पाणी मागितलेलं न्हाय.

भिंतीपलीकडं पिंजणाचा आवाज चालू होता, तो आत्ता थांबला.