झेनिट माझ्या गळ्यात आहे

अहो,

कपाटात झेनिट कॅमेरा शोधत बसू नका, तो मी नेलाय. शेजारच्या प्रेरणासोबत लासूर स्टेशनच्या बाजारात फोटो काढायला चाललेय, संध्याकाळपर्यंत येते. उपमा झाकून ठेवलाय. आधी गोळी, मग चहा.

पुण्याचं गिऱ्हाईक आज येणार नाही. हात थरथरतो म्हणून तुम्ही अकराच्या अकरा रशियन कॅमेरे विकायला काढलेत, तेही मला न विचारता. मग मीही तुम्हाला न विचारताच त्याला नको म्हणून कळवलं.

टेबलावर छत्तीस फोटो आहेत, ते बघा. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी झेनिटमध्ये रोल भरून काढले. कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर बंद, म्हणून तीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकलेलंच धरलं: कडक ऊन असेल तर ॲपर्चर सोळा आणि शटर एकशे पंचवीस. गुलमंडीवरच्या स्टुडिओवाल्यानं विचारलं, “अनंतरावांनी काढले ना?” म्हटलं, “नाही, मी काढले.” दुकानात गर्दी होती, म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं.

चौदावा फोटो तेवढा हललाय. का हलला ते मला काही कळलं नाही. आल्यावर नीट शिकवा.

दमयंती