पहिल्या वर्गातल्या बत्तीस लाइनी

८ नोव्हेंबर १९९३, सोमवार

"एकाला जोडून दिलंस की त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला तरी थांबवलेलं असतंस." ट्रेनिंगला औरंगाबादला होते तेव्हा सुपरवायझरबाई म्हणाल्या होत्या. तेवीस वर्षं झाली. तेव्हा वाटलं होतं, बाई उगीच रागावतायत.

आज आठवलं, कारण साहेबांनी एक कोरा तक्ता हातात दिला. महिनाअखेर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवं यंत्र सुरू, आमचा कॉर्डांचा बोर्ड बंद. यंत्रात म्हणे प्रत्येक फोनला एक वर्ग असतो. एरवी सगळे सारखेच. पण भार वाढला, सगळ्यांनी एकदम रिसीव्हर उचलले, की यंत्र फक्त पहिल्या वर्गाला टोन देतं. बाकीच्यांच्या कानाला नुसती शांतता. भूकंपाच्या सकाळी सगळा तालुका एकदम फोनवर होता आणि दवाखान्याला लाइन मिळेना, त्यावरून वरचा हा हुकूम. पहिल्या वर्गात बत्तीस जागा. यादी मी करायची.

"तुम्हाला सगळे नंबर पाठ आहेत, सुमनबाई."

आहेत. यादीसुद्धा होतीच की, माझ्या डोक्यात. कुणाला आधी द्यायचं, कुणाला 'लाइन बिझी आहे' सांगायचं. कागदावर नव्हती म्हणून भांडायला कुणी येत नव्हतं.

११ नोव्हेंबर

आले. एका दिवसात तिघं.

आडत्या पेढे घेऊन आला. पेढे परत. वकील म्हणाले, "माझा फोन बंद पडला तर कोर्ट बंद पडेल." मी म्हटलं, "पाच वाजता पडतंच की." हसले नाहीत. उलट साहेबांकडे तक्रार, ऑपरेटर उद्धट आहे.

शेजारच्या खुर्चीवरची शैला म्हणाली, "वीस वर्षं नुसता आवाज होतीस. आता तोंड दिसलं लोकांना." हे प्रेमानं म्हणालेली नाही. यादी करायचं काम तिला हवं होतं.

आतापर्यंत लिहिलेले: सरकारी दवाखाना, पोलीस, तहसील, वीज मंडळ, कारखान्याचं ऑफिस, पाच आरोग्य उपकेंद्रं. माझ्या माहेरच्या गावचं उपकेंद्र त्यातच. दोन वर्षांपूर्वी तिथं फोन लागला, शोभा सिस्टर अर्जामागून अर्ज करत राहिल्या म्हणून.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

माहेरी. पोखर्णीपाशी एस.टी. पंक्चर, पोचायला दोन वाजले.

दादाला ओवाळलं. ताटात काही टाकायच्या आधी त्यानं हात वरच धरला. "यंदा तू घाल मला ओवाळणी. माझा फोन पहिल्या वर्गात टाक."

"कारखान्याचा टाकलाय दादा. तू संचालक म्हणून घरचा पण कशाला?"

"आन नर्सबाईचा?"

"तिचा नाही. उपकेंद्राचा."

"म्हंजे हाय! विद्यापीठाला नाव मिळंना अजून, आन तुझ्या लिष्टीत ह्यांचं नाव आधी. गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवायली न्हाईस तू."

वहिनी म्हणाली, जेवून तरी भांडा.

आई आतल्या खोलीत, पाय उशीवर. सुजलेत. बोट दाबलं तर खळगा राहतो, भरून यायला वेळ लागतो. म्हटलं, सिस्टरला दाखवलं का? वहिनीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही घाण बोलले. सिस्टर ओसरीपर्यंत येतात, आत त्यांना घेत नाहीत. तिथून विचारतात, तिथून गोळ्या देतात. आईला त्यांनी अजून हात लावलेला नाही.

निघताना दादा: "जमत नसंल तर येत जाऊ नको. आईला मी बघायला समर्थ हाय."

हे गेल्यापासून मला तेवढंच एक घर आहे. तो ते जाणून बोलला.

१९ नोव्हेंबर

तक्ता पुरा करून दिला. दादाचं नाव नाही. नाव, जुना नंबर, दोन रकाने, बत्तीस ओळी. साहेबांनी वाचलासुद्धा नाही, सही केली. जे.टी.ओ. साठे, यंत्राचे इंजिनियर, नंबर तेवढे यंत्रात भरणार.

लिहिताना हात थरथरत नव्हता. याचा जरा अभिमान वाटला, तो इथं लिहून ठेवते.

२५ नोव्हेंबर

बोर्ड बंद झाला. साहेबांनी नारळ फोडला. कॉर्ड काढून टोपलीत टाकल्या तेव्हा शैला बाहेर निघून गेली.

रोज संध्याकाळी गर्दी ओसरली की मी ६१ला कॉर्ड लावून आईशी पाच मिनिटं बोलायचे. ६१ म्हणजे दादाचं घर. डोळे मिटून लागायचं. आता घरून पाच आकडे फिरवायचे. आईला ऐकू कमी आलं आज. धाप लागते म्हणाली.

२८ नोव्हेंबर

दादाचा सालगडी केरबा अर्धं पोतं शेंगा घेऊन दारात. "दादांनी धाडल्यात. म्हनले, ताईला सांग, लय डोकं लावलंस."

"कसलं डोकं?"

"मला काय ठावं. हसायलते लय."

शेंगा ठेवून घेतल्या. वाटलं राग गेला. वेडी मी, वाटीभर भाजूनही खाल्ल्या.

२ डिसेंबर

यंत्राची चाचणी, दुपारी दोन ते तीन. साठ्यांनी बटणं दाबली, पहिला वर्ग सोडून सगळा तालुका मुका. सूचना फक्त आमच्याच फळ्यावर लावलेली. वकील धावत आले. मी आत बसून राहिले. दवाखान्याला टोन, पोलिसांना टोन. साठे म्हणाले, "यादी चोख आहे तुमची."

३ डिसेंबर

शोभा सिस्टर आल्या. गणवेशातच, पहिल्या एस.टी.नं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

काल दुपारी बाळंतीण अडलेली, रक्त जायला लागलेलं. जीप मागवायला फोन उचलला तर टोन नाही. "पंधरा मिन्टं उचलायले आन ठेवायले. पूर्वी उचललं की तुमी तरी बोलायच्या. आता बोलायलाच कुणी न्हाई."

मग दादाच्या घरी गेल्या. दादाचा फोन चालू.

"मला अंगणात उभं केलं. म्हणले, नंबर सांग, मी लावतो. आधी कारखान्याला लावला. ऊसतोडीच्या टोळ्यांचं बोलले. मग अजून कुणाला. मग माझा. चाळीस मिन्टं, ताई. बाळंतीण तिकडं, आन मी तुळशीपाशी उभी."

जीप आली. फाट्यावर जीपमध्येच मोकळी झाली. दोघं जगली.

माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमचे दादा हसून म्हणले, तुझ्या बाईसायबानं नाव तुझं लिवलं आन नंबर माझा लिवला. रक्ताचं असतंय शेवटी."

मी म्हटलं, हे खोटं आहे.

"माझं नाव न्हाई लिवलं असतं तरी चाललं असतं. सवय हाय. लिवून वर हे कशाला केलं?"

४ डिसेंबर

तक्त्याची कार्बन कॉपी काढून पाहिली. एकोणिसावी ओळ. आरोग्य उपकेंद्र, गावाचं नाव, पुढं ६१.

उपकेंद्र ६४.

माझंच अक्षर. सहाची शेपूट मी अशीच काढते. यंत्रात भरले फक्त नंबर, नावं कुणी पाहिलीच नाहीत. साहेबांनी यंत्रातून निघालेल्या छापील कागदावर ६१ पाहिला आणि दादाला खूष करायला लगेच कळवलं असणार. शेंगा त्याबद्दलच्या.

गावाचं नाव लिहिलं की हात ६१कडं जातो. वीस वर्षांची सवय. हे मी स्वतःला सकाळपासून सांगतेय. पण सवयीनं सगळंच लिहिलं असतं तर थरथरण्याकडं लक्ष कशाला गेलं असतं? हात चुकला की मी, ते ठरत नाही.

उरलेल्या शेंगा समोरच्या बाईला देऊन टाकल्या.

७ डिसेंबर

साहेब: "बाळ जिवंत आहे ना? बाई जिवंत आहे ना? मग झालं काय?"

बाळ जगलं म्हणून काही झालंच नाही, असं सगळेच म्हणतायत. शैलासुद्धा. म्हणजे काही व्हायला काय लागतं, ते यांना ठाऊक आहे.

म्हटलं, ६१ काढा, ६४ घाला.

"संचालकांचा फोन काढायचा? लेखी द्या. कारण लिहा."

लिहिलं: माझ्या हातून चूक झाली.

"चूक लिहिलीत तर मेमो निघेल."

"काढा."

साठ्यांना बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मेमो टाइप व्हायला दुपार गेली. तीन प्रती.

९ डिसेंबर

दादाचा फोन, ऑफिसात, सगळ्यांसमोर.

"कुणाला विचारून माझं नाव काढलंस?"

"नाव नव्हतंच दादा. नंबर पडला होता. चुकून."

"आईची शप्पथ घे. चुकून?"

शपथ घेता आली नाही. तारेवर शांतता किती लांब वाटते ते मला शिकवायला नको.

"बघ. मनातून लिवला व्हतास. आन आता त्या बाईला भिऊन पुसायलीस. अशा बहिणीपेक्षा नसलेली बरी. यायचं न्हाई इकडं. फोनबी करायचा न्हाई."

सगळ्यात वाईट हे, की तो अगदीच खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही.

१३ डिसेंबर

चार दिवस रोज संध्याकाळी फोन केला. दादा उचलतो, माझा आवाज ऐकतो, ठेवतो. आज वहिनीनं उचलला. तिनंही ठेवला, पण जरा थांबून.

१९ डिसेंबर, रविवार

न राहवून गेले. वहिनी दारातच आडवी. "झोपल्यात."

आतून आईचा खोकला. मग आवाज: "सुमे, आलीस का गं?"

वहिनी म्हणाली, "झोपेत बडबडत्यात."

मी ओरडून "आई" म्हणाले. वहिनीनं दार लोटलं. आतून दादा काहीतरी बोलला, ते इथं लिहीत नाही.

केरबा फाट्यापर्यंत सोडायला आला, दादाला न सांगता. म्हणाला, "म्हातारबाई आडव्या होत न्हाईत आता. बसूनच झोपत्यात. आडवं झालं की जीव घाबरायलाय म्हन्त्यात." तालुक्याला दवाखान्यात का नेत नाहीत? "दादा म्हन्त्यात, कारखाना सुरू हाय, सवड झाली की नेऊ."

फाट्यावरून परत फिरले आणि उपकेंद्रात गेले. शोभा सिस्टर नोंदवही लिहीत होत्या. उठल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"पाय सुजलेले, बसून झोप. म्हंजे छातीत पाणी धरायलंय. मी ओसरीवरून दोनदा सांगितलं, तपासू द्या. औषध द्यायचं तर आधी छाती ऐकावी लागती, ताई. ती ओसरीवरून ऐकू येत न्हाई."

"जाल का?"

"आजारी माणूस हाय. बोलावलं तर जाईन. पण आत. खाटेपर्यंत. उंबऱ्याबाहेर आता न्हाई उभी राहायची. त्या दिवशी राहिले ती बाळंतिणीपायी."

नंबर बदलून घेतला हे मी सांगितलं. मेमोचंही सांगितलं. का सांगितलं? बरं म्हणावं म्हणून. त्या म्हणाल्या, "ते तुमचं हाफिसातलं."

एस.टी.ला तासभर होता. बाहेर बाकावर बसले. चहाचं त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांनी का विचारावं?

२७ डिसेंबर

केरबा बाजाराला आला होता. आई दोन दिवस जेवली नाही. सुजलेल्या बोटातली अंगठी काढता येईना म्हणून कापली.

सिस्टरला आत घे, हे दादाला कुणी सांगावं? साहेब सांगणार नाहीत. गावातलं कुणी सांगणार नाही. मी सांगितलं तर नको म्हणेल, त्याचं कारणच मी आहे. आणि सिस्टर आहे. दोन्ही नावं एका चिठ्ठीत घालायची म्हणजे आधीच नकार लिहून घेण्यासारखं.

२ जानेवारी १९९४

फोन तो ठेवतो, म्हणून चिठ्ठी. केरबा उद्या नेईल. चार वेळा लिहिली. पहिल्या तिन्हींत मी स्वतःबद्दल फार बोलले होते, त्या फाडल्या. ही चौथी. नाहीच म्हणेल तो. वाचून केरबासमोरच फाडेल, हेही दिसतंय. तरी इथं उतरवून ठेवते.

दादा,

मला घरात घेऊ नकोस, मी मागत नाही. नंबर मनातून लिहिला असं तुला वाटतं तर तसंच धर, मी वाद घालत नाही. पण शोभा सिस्टरला आत बोलाव. ओसरीवर नाही, आईच्या खाटेपाशी. आणि बसायला खुर्ची दे.