माझा पाय आणि तुमचा शाफ्ट

मामंजी, तुमचा शाफ्ट वाकडा होता. आधी एवढं सांगून टाकते, नाहीतर मी म्हशीच्या गोष्टीवर घसरेन आणि हेच राहील. वाडीच्या नावेचा, गिअरबॉक्सचा, तुम्ही मिशीला पीळ देऊन भरून दिलेला. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सोसा. “सुनेला सही येतीय तेवढं बास,” असं तुम्हीच म्हणायचात.

आपल्या कारखान्याचा उंबरा आठवतो का? खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार, कुंकू, पुरणपोळीचा नैवेद्य. पुरण मी वाटायचं, चटके मी खायचे, आणि ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं. बाईचा पाय आत पडला की लेथ रुसतंय म्हणे! बिडाचं धूड ते, त्याला माझ्याशी रुसायला वेळ होता होय? दसऱ्यानंतर एक दिवस तुम्ही त्या नावेच्या शाफ्टवर वाकला होता. त्याच्या टोकाला उभ्या खाचा असतात, त्या कपलिंगच्या खाचांत अडकल्या की इंजिनाचा जोर पाण्यातल्या पंख्याला जातो. त्या झिजून गुळगुळीत झालेल्या. तुम्ही वरनं वेल्डिंगची भराई केली, कानशीनं खाचा उकरल्या, कपलिंग हातोड्यानं ठोकलं. “घट्ट बसलं की झालं.” झालं म्हणे! चहा गार होत होता, हाका मारून घसा बसला, म्हणून मी एक पाय आत टाकून कप टेबलावर ठेवला. एकच पाय, तोही डावा.

पौर्णिमेला नाव माणसांनी भरलेली, ऐन धारेत. इंजिन बोंबलतंय आणि पंखा ढिम्म. नाव वाहत खाली जाऊन बाभळीत अडकली म्हणून माणसं वाचली, ती देवाची कृपा, तुमची नव्हे. तुम्ही घरी आलात, पाय धुवायच्या आधीच म्हणालात, “हिनं पाय ठिवला.” तुमचे चिरंजीव खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. तिथनं पुढं म्हैस आटली, माझा पाय. लोणच्याला बुरशी, माझा पाय. जावेच्या पोराचं लग्न मोडलं तेव्हा मी माहेरी होते, तरी माझाच पाय. एवढा लांब पाय कुणाचा असतो का, मामंजी?

आता ऐका. कारखाना तुमची पणती बघते. होय, पोरगी. खुशाल आत-बाहेर करते, चपला घालून. परवा त्या नावेच्या नावाड्याचा मुलगा तेच इंजिन, शाफ्टासकट, घेऊन आला. माझाच चहा पीत माझ्यादेखत तिला सांगतोय, “ह्या काकूंनी पाय ठिवला तवापास्नं ह्येला गुण न्हाय बघ. दरसाली भरून घेतोय, दरसाली खाचा खातंय.”

पोरीनं शाफ्ट लेथवर दोन्ही टोकांना धरला, त्याला वाकडेपण मोजायच्या डायलची सुई टेकवली आणि हातानं फिरवला. सुई नुसती नाचायला लागली.

“आज्जी, हिकडं ये.”

“हितनं दिसतंय मला.” मी उंबऱ्याबाहेरच.

“काय दिसतंय? चष्मा तर घरात हाय तुझा. ये आत.” मग त्याला म्हणाली, “पावणं, भरताना एका अंगानं तापवलाय, शाफ्ट वाकलाय. वाकडा फिरतोय आणि कपलिंगच्या खाचा कुरतडतोय. वरनं सोनं भरलं तरी खाणारच.”

“मग पायाचं काय?”

“आज्जीचा पाय सरळ हाय. हवं तर त्यालाबी डायल लावून दाखवू?”

मला असं हसू फुटलं की ठसका लागला. त्या बाप्याला कपात तोंड लपवायला जागा पुरेना.

पोरीनं भराई केलीच नाही. चांगल्या पोलादाचा नवा शाफ्ट कातला, मशीनवर खाचा पाडल्या, भट्टीतनं कडक करून आणला. कपलिंगही नवं. घाटावर जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसवले, तुम्ही कधी बघितलंत का ते? ठोकलं की झालं! मग पहिल्या फेरीला मी बसले. इंजिनाच्या पेटीवर दोन्ही पाय टाकून बसले, मामंजी, डावा वर. नाव ऐन धारेतनं सरळ पलीकडं गेली. नावाडी सुकाणू सोडून माझ्या पायांकडंच बघत होता. म्हटलं, “पुढं बघ रं बाबा.” तुमचा शाफ्ट मी मागून घेतलाय, गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय. तेवढ्यापुरता बरा आहे.

हा कागद नव्या कपलिंगच्या वेष्टनाचा, वंगणानं माखलेला. उद्या चुलीला झक्क पेटेल. तुम्हाला वर कुठं धाडणार? फक्त एक गोष्ट पोरीला सांगितलेली नाही. त्या पेटीवर पाय टाकायच्या आधी मी मागं वळून बघितलं, तुम्ही उभे आहात की काय म्हणून, आणि पदर डोक्यावर घेतला.