अक्काचं गाणं मध्येच थांबलं त्याची हकीकत

धरणगाव,
गुरुवार, कानबाईच्या विसर्जनानंतरचा

तीर्थस्वरूप अभिमन नाना यांच्या पायांवर डोकं ठेवून प्रेमराजचा नमस्कार. साक्रीकडे पाऊस कसा आहे? गुडघा काय म्हणतो? यंदा गुडघ्यापायी तुम्ही कानबाईला आला नाहीत आणि एकट्या अक्काला माहेरच्या एसटीत बसवून दिलंत, याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. आला असता तर पुढची हकीकत तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असती, आणि मग या मेहुण्याने साक्रीत पाय ठेवायची सोय उरली नसती.

आमच्याकडे सर्व खुशाल आहे. 'आहे' असं लिहिलं आहे, ते नीट पाहून घ्या. अक्का या क्षणी माझ्यासमोर ओट्यावर पाय सोडून गवार मोडते आहे, आणि मी शेंगांचे दोरे नीट काढत नाही म्हणून मघाशी मला बोललीसुद्धा. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला ही गवार अधूनमधून आठवावी लागेल. पत्र मधूनच सोडू नका, आणि शेवट आधी वाचू नका. (तुम्ही पेपरही शेवटच्या पानापासून वाचता, मला माहीत आहे.)

तर झालं असं. कानबाई बसायची, देवी घरात यायची, म्हणजे आधी घर रंगवणं आलं. आमच्या आईच्या काळी चुन्याचा हात फिरवला की भागत असे. आता तोताराम पेंटरला बोलवावं लागतं, आणि तो दहा दिवस आपल्याच घरात आपल्याला पाहुण्यासारखं वागवतो. घर रंगवून झालं. भाऊबंद येणार सत्तावीस. त्या दिवशी लहानथोर सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची, त्याशिवाय नैवेद्याच्या रोटाच्या पिठाला हात लावायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या साली बंबात ओली लाकडं घातली होती, तेव्हा धुराने सगळ्या बायका रडल्या आणि शेजाऱ्यांना वाटलं घरात कोणी गेलं. म्हणून यंदा मी गॅसवरचा गिझर आणला. याला टाकी नसते, तुम्हाला ठाऊकच आहे. नळ सोडला की पेटीत आपोआप जाळ लागतो आणि नळीतून जाता जाता पाणी तापतं. ज्यांचे वाडवडील श्रावणात नदीवर गारठ्यात बुड्या मारून आले, ते आमचे भाऊबंद या पेटीसमोर उभे राहून हात जोडायचे तेवढे राहिले होते.

गिझर मीच बसवला. बरोबर आलेल्या कागदावर काहीतरी लिहिलेलं होतं, पण आयुष्यात मी कुठल्याही मोटरचा कागद वाचलेला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बसून जळालेल्या मोटरी भरून मी इथवर आलो तो कानांच्या जोरावर, हे तुम्ही पाहिलं आहे. लोक फोन विहिरीजवळ धरतात आणि मी दुकानात बसून बेअरिंग गेलं की पाण्यात हवा धरली ते सांगतो. मग हात-दीड हाताची पेटी मला काय शिकवणार? बाहेर भिंतीवर लावली तर पावसाने भिजेल आणि आलेल्या पाहुण्यांना दिसायचीही नाही, म्हणून बाथरूमच्या आत लावली. वरच्या अंगाला झरोका होताच.

रविवारी पहाटे पाचला पहिला नंबर किरणचा. (माझा धाकटा. त्याला नानांकडे पाठवा, नानांकडे पाठवा, असं तुम्ही नेहमी म्हणता. पाठवतो आहे, पुढे वाचा.) त्याने नळ सोडला. पेटी टिकटिक टिकटिक करत राहिली, जाळ काही लागेना. सेल उतरले होते. भिंतीवरच्या घड्याळाचे आणि टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले, तेव्हा पेटला. (त्यामुळे त्या दिवशी किती वाजता काय घडलं, हे आमच्या घरात कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.) तिसऱ्या माणसाला पाणी मध्येच गार लागलं आणि त्याने आतून जी हाक मारली ती गल्लीत कुत्र्यांनीही ऐकली. पाहतो तर स्वयंपाकघरात आमच्या हिने, प्रमिलाने, त्याच वेळी नळ सोडलेला. दोन नळ चालू झाले की पाण्याचा जोर पडतो आणि पेटी विझते. घरात हुकूम काढला: आंघोळ चालू असताना भांडी बंद. सातव्या माणसाला करंगळीएवढी धार. आपल्या बोअरचं पाणी म्हणजे अर्धा चुनाच. पाणी आत घेते तिथली जाळी पांढरी होऊन बसली होती. ती काढून लिंबाच्या रसात बुडवली, दात घासायच्या ब्रशने घासली, परत लावली. धार चालू. भाऊबंद म्हणाले, प्रेमराज म्हणजे प्रेमराज! मी ओल्या हाताने मिशीवर ताव दिला. त्या मिशीची आता मला लाज वाटते.

कारण नाना, मला ऐकू आलं होतं. नवा असताना जाळ लागला की 'सुऽऽ' असा एकसारखा आवाज यायचा. त्या दिवशी दहाव्या-अकराव्या माणसानंतर आधी टिकटिक, मग क्षणभर गप्प, मग 'भप्प', आणि पुढे नुसती फुरफुर. पेटीच्या बारक्या खिडकीतून जाळ पाहिला, तर निळा नव्हे, पिवळा. मोटरने असा आवाज काढला असता तर मी जागच्या जागी फ्यूज काढला असता. पण बाहेर बारा-पंधरा माणसं टॉवेल खांद्यावर टाकून उभी, रोट करणाऱ्या मंजुळाबाईंचं पीठ दळून तयार, आणि सगळ्यांसमोर पेटी बंद करायची म्हणजे 'काय प्रेमराजभाऊ, शेवटी बंबच ना?' हे ऐकून घ्यायचं. मी म्हणालो, अजून थोडीच माणसं आहेत. निभेल.

किरण सकाळपासून डोकं धरून बसला होता. म्हटलं, रंगाचा वास असेल. अमृतला मळमळत होतं. म्हटलं, उपास. तेवढ्यात यावलच्या यशोदाकाकू आंघोळ करून बाहेर आल्या, त्या डोलतच. ओले केस मोकळे, डोळे अर्धवट मिटलेले, तोल एकदा इकडे, एकदा तिकडे. मंजुळाबाईंनी पाटावरचं हळदकुंकू उचललं आणि काकूंच्या कपाळाला लावून पाय धरले. माय आली! कानबाई अंगात आली! बायका ओळीने पाया पडू लागल्या. कोणी नारळ आणला, कोणी ओटी भरली. अमृतने (काकूंचा पुतण्या, त्याची दोन बोअर कोरडी गेली आहेत) पुढे होऊन विचारलं, माय, तिसऱ्या बोअरला पाणी लागेल का? काकू कशाबशा म्हणाल्या, "उलटी... उलटी..." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेताच्या उलट्या बाजूला! अमृतने तिथंच मशीनवाल्याला फोन लावला. दुसऱ्या क्षणी काकूंनी माय नेमकं काय म्हणत होती ते करून दाखवलं, पण तोवर अमृतचं बोलणं पक्कं होत आलं होतं.

नाना, मी देवीला मानतो. तिच्या नावावर हसत नाही. पण त्या गर्दीत मीही पाया पडलो, आणि पाया पडताना पाहिलं की काकूंचे पाय थरथरत आहेत, आणि हे थरथरणं काही मला बरं दिसेना. तेव्हाच विचारलं, आत आता कोण गेलं? बायका म्हणाल्या, अक्का. शेवटचा नंबर तिचाच होता. कानबाईच्या नारळाला डोळे, नाक, नथ हे सगळं चाळीस वर्षं तिच्या हातचं. ती आल्याशिवाय देवी बसणार नव्हती.

अक्काचं आंघोळीतलं गाणं तुम्हाला ठाऊक आहे. कानबाईचं गाणं म्हणत पाणी घेते आणि कडवं संपलं की तांब्या खाली ठेवते, ठण् असा. मी अंगणात उभा राहून कान लावला. एक कडवं, ठण्. दुसरं कडवं, ठण्. तिसऱ्याला आवाज जड झाला, जीभ जड झाल्यासारखा. मग ओळ अर्ध्यावर राहिली. ठण् आलाच नाही. नुसती फुरफुर चालू.

(गवार आठवा, नाना. अक्का समोरच आहे.)

मी दार ठोकलं. अक्का! उत्तर नाही. दुसऱ्यांदा ठोकायला हात उचलला तर मंजुळाबाई आडव्या आल्या. "अक्काना आंगमा बी माय वनी! दार नका ठोकू!" आठ-दहा बायका दारासमोर हात जोडून उभ्या, आणि आत बाईमाणूस आंघोळीला, मी पुरुषमाणूस. आयुष्यात मी कोणाच्या देवाला ढकललं नाही, त्या दिवशी मंजुळाबाईंना ढकललं. आधी बोळातला सिलेंडर बंद केला. फुरफुर थांबली. मग आत नुसतं पाणी पडत असल्याचा आवाज, बाकी काही नाही. झरोक्यातून आत पाहावं म्हणून मागच्या गल्लीत धावलो, खुर्ची लावली, चढलो, आणि नाना, झरोका नाही. जिथं जाळीची चौकट होती तिथं गुळगुळीत, स्वच्छ, बदामी रंगाची भिंत. माझं घर, मी बांधलेली भिंत, आणि मला माझा झरोका सापडेना. मग हात फिरवला तर बोट आत गेलं. तोतारामने रंगाचे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून जाळीवर कागद चिकटवला होता, आणि तो काढायचा राहिलाच, वरून त्याच्या पोऱ्याने कागदावरही दोन हात मारले. इतकं सफाईदार काम त्याने दहा दिवसांत दुसरं कुठंही केलं नव्हतं. मी मुठीने फाडला. माझ्या तोंडावर आतली कोंदट, गरम हवा आली, आणि खुर्चीचा पाय मोडला.

पडलो तो उठून परत बाथरूमच्या दाराशी. कडी मीच बसवली होती, पोलादी, 'दरोडेखोर आला तरी तुटणार नाही' असं सांगून. किरणने आणि मी चार खांदे दिले. पाचव्याला चौकटीसकट आली. अक्का पाटावर बसलेली, लुगडं नेसलेली, डोकं भिंतीला टेकलेलं, ओठ मिटलेले. तिला उचलून अंगणात आणलं. रिमझिम चालू होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान तिच्या नाकाशी नेला. नाना, सगळ्या तालुक्यातल्या मोटरींचे आवाज ओळखणारे हे कान, त्यांना तो श्वास ऐकायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्या आयुष्यात कुठल्याच कामाला लागलेला नाही. मग तिने डोळे किलकिले केले, मोडकं दार पाहिलं, आणि म्हणाली, "दरवाजा काब्र तोडा रे?"

मी रडलो. सत्तावीस भाऊबंदांसमोर.

जळगावच्या दवाखान्यात तिला नि काकूंना तोंडाला नळी लावून ठेवलं. दोघी सोमवारी दुपारी घरी आल्या. डॉक्टर तरुण मुलगी आहे, तिने मला बाकावर बसवून समजावलं. बंद जागेत गॅस जळत राहिला आणि नवी हवा आली नाही की विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. आवाज नाही, हे ती दोनदा म्हणाली. पहिल्यांदा मला वाटलं मलाच टोमणा मारते आहे. पेटी बाथरूमबाहेर मोकळ्या हवेतच हवी, तेच त्या न वाचलेल्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं, मी घरी येऊन शोधून काढून वाचलं. कानबाईला डोळे शेवटी प्रमिलाने काढले. अक्काने दवाखान्यात मोबाइलवर फोटो पाहिला आणि पलंगावरून निकाल दिला, "येक डोया मोठा शे." तेव्हा आम्हाला खात्री पटली की ती पूर्ण बरी आहे.

गिझर आता मागच्या भिंतीवर बाहेर, पत्र्याखाली आहे. जाळ निळा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
प्रेमराज

ता. क. पत्र खरं इथून सुरू होतं. दिवाळीत मी तुमच्याकडेही असाच गिझर लावून दिला होता. आतच. डॉक्टरने अक्काला विचारलं, घरी असा आहे का, तेव्हा कळलं की हिवाळ्यात वारा येतो म्हणून तुम्ही झरोक्यात पोतं कोंबलं ते अजून आहे. अक्काची आंघोळ पाच मिनिटांची, तुमची अर्ध्या तासाची. आणि आंघोळीनंतर तुम्ही डोकं धरून बसता, त्याला धुळ्याच्या डॉक्टरांनी प्रेशरच्या गोळ्या दिल्या आहेत, पण आंघोळीचं तुम्ही त्यांना सांगितलेलं नाही. फोनवर काही सांगावं तर तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून देता. म्हणून सोमवारी संध्याकाळीच तुमच्या शेजारच्या झिपरूभाऊंना फोन केला. त्यांचा गॅस संपलेला नाही. तुमचा गिझरचा सिलेंडर ते 'चार दिवस उसना' म्हणून घेऊन गेले ते मी सांगितलं म्हणून. आता सांगा, मंगळवार, बुधवार, आज, चुलीवरच्या पाण्याने आंघोळ केल्यावर डोकं दुखलं का? मोटरचा दोष मी असाच काढतो, एक वायर सोडून पाहतो. दुखलं नसेल तर हे सगळं धुळ्याच्या डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दुसरा ता. क. शनिवारी किरण ड्रिल घेऊन येतो आहे. गिझर बाहेरच्या भिंतीवर नेईल. त्याला चहा पाजून परत पाठवू नका. झिपरूभाऊंशी भांडू नका, सिलेंडर तोवर मिळणार नाही.

तिसरा ता. क. अक्का पावसामुळे थांबली आहे असं तुम्हाला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. पोतं निघाल्याचं किरणने सांगितल्याशिवाय ती साक्रीला येणार नाही. तिने सांगितलेलं एक वाक्य तिच्याच शब्दांत लिहायचा हुकूम आहे, मी त्यात काही घातलेलं नाही: "माले दार तोडनारा भाऊ शे. तुम्ही तथा एकला शेतस. तुमनं दार कोन तोडी?"