सुलतानपूरची गुराब

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! मेहकरहून एसटीनं सुलतानपूर, आणि स्टँडवर वामनराव काका स्वतः हजर. उभा जन्म नौदलात काढून निवृत्तीनंतर आपल्या गावी परतलेला हा माणूस. समुद्र इथून कुठच्या कुठे, पण काकांना घरात मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबीची, म्हणजे लढाऊ जहाजाची, प्रतिकृती हवी आहे, आणि ती मी घडवायची. दोन डोलकाठ्या, चार फूट लांबी, सगळी लाकडी. मला असली वेडी माणसं आवडतात. काम तीन महिन्यांचं. पुढची खोली मला दिली आहे, तिथं उजेड छान येतो. डबा शेजारच्या पुष्पाबाईंकडचा. पहिल्याच जेवणाला ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि वर त्यांचा दम, की ताई, लाजून राह्यल्या तर पुन्हा वाढीन.

७ फेब्रुवारी
लाकूड काकांनी जपून ठेवलेलं. कोकणात खाडी उपसताना एका बुडालेल्या जहाजाची तुळई वर आली होती, ती त्यांनी ट्रकमधून इथं आणवली. काळीभोर, लोखंडासारखी जड. अकरा वर्षं माळ्यावर पडून आहे, तरी करवत लावली तेव्हा आतून ओली निघाली. खोलीभर खाडीचा वास. काका डोळे मिटून तो घेत उभे होते. जहाजाचा कणा कापून झाला.

१५ फेब्रुवारी
बरगड्या उभ्या राहिल्या. फळ्या वाकवायला एरवी गरम पाण्यात तासन्‌तास भिजवाव्या लागतात. या हातात घेतल्या की वाकतात. इतकं सोपं काम मी कधी केलेलं नाही, आणि ते मला फारसं आवडलेलं नाही.
दुपारी पुष्पाबाई विचारत होत्या, विहिरीचं पाणी काऊन खारं लागून राह्यलं? मी म्हटलं, लोणारचं सरोवर जवळ आहे, त्याचं असेल. त्यांनी ते उडवून लावलं. साठ वर्षांत त्या विहिरीला कधी खारेपणा आला नव्हता म्हणे.

२१ फेब्रुवारी
दोन दिवस मुद्दाम एकही फळी बसवली नाही. विहीर गोड. आज सकाळी दोन बसवल्या, आणि दुपारी बायका घागरी रिकाम्या करून परतल्या. सगळ्या गल्लीला पिण्याचं पाणी तेवढंच. काकांना सांगितलं, थांबवू या. ते म्हणाले, जहाज अर्धवट सोडत नसतात. तेच पाणी ते तांब्यामागून तांब्या पितात. तहान भागत नाही म्हणतात.

२६ फेब्रुवारी
मी नकार दिला. आता काका स्वतःच फळ्या ठोकतात. एकही खिळा चुकत नाही. विहीर या जहाजामुळे बिघडते हे गल्लीला कळलं, आणि पुष्पाबाईंनी डबा बंद केला. दुकानदार मला बघून शटर ओढतो. खिडकीवर दगड आला. उद्या सामान बांधते.

२७ फेब्रुवारी
काका गेले. सकाळी नऊला कॉटवर सापडले. अंथरूण, उशी, सदरा, सगळं कोरडं. डॉक्टर दोनदा तपासून म्हणाले, हा माणूस बुडून मेला आहे. छातीतून पाणी निघालं. खारं.
पोलिसांनी सांगितलं, अहवाल येईपर्यंत गाव सोडायचं नाही.

१ मार्च
गुराबीवर रॉकेल ओतलं. काडी धरली. पेटत नाही. कुऱ्हाड घातली – घावातून पाणी आलं, आणि पाणी थांबलं तेव्हा घाव नव्हता. आता कुणीच फळी बसवत नाही. तरी सकाळी एक जास्त असते.

२ मार्च
सगळी गल्ली दारात. पुढे पुष्पाबाई. त्यांची नात या पाण्यानं आजारी, मेहकरच्या दवाखान्यात आहे. लोटा माझ्या तोंडासमोर धरला. "पी न वं! माह्या नातीनं पेलं, तू काऊन नाही पीत?"
मी म्हटलं, आत या, उचला ते जहाज, फोडा. उंबरा कुणी ओलांडेना.

३ मार्च, दुपार
शेवटची फळी बसली आहे. मी बसवलेली नाही. फरशीवर पाणी.
दार उघडत नाही – बाहेरून कडी.
खिडकीवर पत्रा ठोकताहेत. दाराच्या फटींत चिंध्या कोंबताहेत. पाणी गल्लीत येऊ नये म्हणून, असं एकजण सांगत होता. अगदी साध्या आवाजात.

गुडघ्यापर्यंत. फोन भिजला. गुराब तरंगते आहे, खोलीत वारा नाही तरी तिचं तोंड माझ्याकडे –

टेबलावर चढले. इथंही कंबरेपर्यंत. गार. दार ठोकतेय, ओरडतेय –

बाहेर गलका. विहीर गोड झाली! कुणीतरी ओरडलं, गोड झाली! हसताहेत, रडताहेत. आता उघडतील. मी हाका मारल्या, पुष्पाबाई, मी आत आहे, पाणी गळ्याशी –
त्या दाराशी आल्या. कडीचा आवाज झाला. मग कुणाला तरी म्हणाल्या, "राहू दे. उघडली तं पुन्हा खारं होईन."

वही डोक्यावर धरून लिहि