उसाला तुरा येईपर्यंत

सौ. अंजनाअक्का हिला धाकट्या अर्जुनाचा प्रभूच्या नावानं सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं ऐकू येणं सुधारलं का, की सुधारूनही ते सांगत नाहीत? इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठीक. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं, हे तू जाणतेस. कागद मधे बोलत नाही.

तर डिसेंबरात पाळकसाहेबांनी धीर धरण्यावर उपदेश केला. याकोबाच्या पत्रातला शेतकरी पिकासाठी पहिल्या पावसाची वाट बघतो, मग शेवटच्याही बघतो, तसं तुम्ही वागा, म्हणाले. बोलताना नजर माझ्यावरच होती. (सुला म्हणते, ते घड्याळाकडे बघत होते आणि मी त्याच्या खाली बसलो होतो. असेल.) मी ठरवलं, आपण शेतकरीच आहोत, हे जमलंच पाहिजे. दुसऱ्याच दिवशी ऊसतोड टोळीचा मुकादम आला, तुमच्या फडाचा नंबर लागला म्हणाला. मी शांतपणे सांगितलं, आधी शेजारच्या दादासोचा घ्या. मग दादासोच्या चुलत्याला वाट दिली, मग ओढ्यापलीकडच्या राहीबाईंना. आठवड्याभरात गावभर झालं की अर्जुनतात्याचा नंबर मागितला की मिळतो. लोक चहाला यायचे आणि जाताना माझा नंबर घेऊन जायचे. शेवटी टोळी दुसऱ्या गावाला गेली आणि आपला ऊस उभाच राहिला.

आता त्याला तुरा आलाय, अक्का. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो, हे तुला सांगायला नको, बाबांच्या हाताखाली तूही उसातलं तण भांगललंयस. पण दिसतो फार देखणा. चारच्या सुमाराला मी बांधावर जाऊन बसतो. ऊन तिरपं झालेलं असतं, ओढ्याकडून वारा येतो आणि सगळा फड पांढरा होऊन हळूहळू डुलायला लागतो. डोळे अर्धे मिटतात. मग ते तुरे राहत नाहीत, दवाखान्यातल्या नर्सबाया होतात, पांढऱ्या टोप्या घालून ओळीनं उभ्या, आणि सगळ्यांचा चेहरा तुझा. (तुला रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माझ्या डोळ्यांपुढची तुझी टोपी काही उतरत नाही.) कुणी बोलत नाही. नुसत्या मान हलवतात, लहानपणी मी औषध थुंकलं की तू हलवायचीस तशी. मीही उठत नाही. दिवस मावळला की सुला घरातून हाक मारते.

परवा ती हाक न मारता बांधावरच आली. शेजारी बसली आणि तिनं फडाकडे बघितलं. मग म्हणाली, "आवं, भाच्याच्या लग्नात रस्सा यायला जरा उशीर झाला, तर ताटावरनं उठलासा. आन् हितं उसाला धीर दावताय व्हय? त्यानं कवा मागितला हुता?"

बावीस वर्षं फौजेत काढली, पण असा नेम कुणी धरला नव्हता. अक्का, तुझ्या ऋषिराजचा मी सख्खा मामा. मामाच पंगतीतून उठला, बायकोला घेऊन स्टँडवर गेला, आणि तू हातात वाढायचं भांडं घेऊन मांडवाच्या दारात उभी राहिलीस. त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून आपण बोललो नाही. गावातल्या प्रत्येकाला मी वाट दिली, तुझ्यासाठी पाच मिनिटं थांबलो नाही. मला लाज वाटते. माझं चुकलं.

भाऊजींना सलाम, ऋषिराज आणि सूनबाईला आशीर्वाद.

तुझा
अर्जुना

ता. क. रश्श्याची बादली माझ्यापासून दोनच ताटं लांब होती. मला दिसत होती.

आणखी एक. पत्र सांगलीला पोचायला चार दिवस लागतील, असं पोस्टमन म्हणाला. तेवढा धीर मला नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं मीच ते घेऊन येतोय. तुझ्या हातात देईन आणि बाहेर पायरीवर बसेन. मधे एक शब्द बोलणार नाही. तू सावकाश वाच. चष्मा सापडत नसेल तर तोही सावकाश शोध. मी बसलोय.